वीसपैकी सात

खोटं बोलण्यात मी काही पटाईत नाही. पण एक खोटं गेली वीस वर्षं मी इतक्या वेळा बोलले आहे, की झोपेतून उठवून विचारलं तरी न अडखळता सांगेन.

मी पाणी खात्यात गळती शोधायचं काम करते. जमिनीखाली किंवा भिंतीच्या आत नळ फुटला की वरून काही कळत नाही. मग माझ्यासारखीने लोखंडी कांडीचं एक टोक नळाला लावायचं, दुसरं कानाला, आणि पाणी कुठून निसटतंय ते ऐकायचं. हल्ली यंत्रं आली आहेत, ती मीही वापरते, पण यंत्राने दोन हात इकडे की तिकडे असा घोळ घातला की मलाच बोलावतात. खात्यात मला कांडीबाई म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात.

दर वर्षी तंत्रशाळेत मुलांपुढे बोलायला मला नेतात. फळ्यावर रंगीत खडूने विषय लिहिलेला असतो: 'आवडीतून काम'. शेवटी कुणीतरी विचारतंच, 'बाई, तुम्हाला ही आवड लागली कशी?' मग मी सांगते. लहानपणी आमच्या घराखालून पाण्याचा मोठा नळ जायचा. मी फरशीला कान लावून निजायचे. एक दिवस त्याचा आवाज बदलला, मी बाबांना सांगितलं, त्यांनी खात्यात कळवलं, खणून बघतात तर नळ फुटलेला! मुलं टाळ्या वाजवतात. शिक्षिका डोळ्यांना पदर लावतात. मी आभार मानून खाली बसते.

आमच्या घराखालून कुठलाही नळ जात नव्हता.

खरी गोष्ट अशी, की मी चोरून ऐकायचे. नळबीळ नाही, माणसं ऐकायचे. तेव्हा मी बारा वर्षांची होते. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या लोकांसाठी बांधलेल्या घरांच्या रांगेत आम्ही राहायचो, दोन घरांत मिळून एक भिंत. बाबा एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. शेजारच्या काकू तिथेच ऑपरेटर, बाबांच्या हाताखाली. काका शिंपी, घरीच मशीन चालवायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकांनी उरलेल्या कापडांतून मला शाळेचं दप्तर शिवून दिलं होतं, आत पेन्सिलीसाठी वेगळा कप्पा ठेवून. एवढ्या भल्या माणसांच्या भिंतीला मी काचेचा पेला पालथा लावायचे आणि पेल्याच्या बुडाला कान.

मला चहाड्या करायच्या नसायच्या. मला फक्त कळून घ्यायचं असायचं. पलीकडे पडलं ते भांडं कुठलं, कोण कुठल्या पायाने आधी उठतं, आपण समोर नसताना माणसं कशी बोलतात. आई म्हणायची, 'नसत्या चौकशा हिला. एक दिवस अंगाशी येतील.' अंगाशी आल्या, पण माझ्या नाही.

त्या वर्षी माझी परीक्षा संपली आणि मला दिवसभर काही उद्योग उरला नाही. काकू संध्याकाळी कामावरून आल्या की थोड्या वेळाने काकांचं मशीन थांबायचं. मग काका आकडे म्हणायचे. हळू आवाजात, चार-चार आकडे. काकू तेच आकडे परत म्हणायच्या. कधी बरोबर, कधी चूक. चुकलं की काका तोच नंबर पुन्हा म्हणायचे, आवाज न चढवता, अगदी तेवढ्याच सुरात. मला वाटलं, हा काहीतरी मोठ्या माणसांचा खेळ आहे. मला तो भलताच आवडला.

एका रात्री जेवताना मी तो खेळ सगळ्यांना करून दाखवला. काकांचा आवाज काढला, काकूंचा काढला, चुका केल्या. आई हसली. बाबांचा घास हातातच राहिला.

"किती वेळा चुकल्या?" त्यांनी विचारलं.

"वीसपैकी सात," मी म्हटलं. मी मोजलं होतं. मी सगळंच मोजायचे.

बाबांना वाईट ठरवलं असतं तर माझं निम्मं ओझं उतरलं असतं. पण ते वाईट नव्हते. एक्स्चेंजमध्ये चुकीचा नंबर जोडला गेल्याच्या तक्रारी येत होत्या, कुणाचा डॉक्टरांना लावलेला फोन लाकडाच्या वखारीत लागला होता, आणि चूक नेमकी कुणाच्या हातून होते ते त्यांना सापडत नव्हतं. काकू सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत हुशार. त्यांच्यावर कुणाचा संशयच नव्हता. नेहमीच्या माणसांचे आवाज आणि त्यांचे नंबर त्यांना पाठ होते, त्यावर त्या वेळ मारून नेत होत्या. त्यांचे कान जात चालले होते आणि ते कळू नये म्हणून नवरा-बायको रोज संध्याकाळी भिंतीआड तालीम करत होते.

बाबांनी मला एक वही दिली. म्हणाले, "अजून तीन दिवस ऐक. नीट लिहून ठेव. काका काय म्हणतात ते एका बाजूला, काकू काय म्हणतात ते दुसऱ्या बाजूला. आणि कुठे बोलू नकोस."

त्या तीन संध्याकाळी मी कानात प्राण आणून ऐकलं. आजवर ज्या गोष्टीसाठी मी बोलणी खाल्ली होती, तीच आता कुणालातरी हवी होती. बाबा मला विचारत होते, माझी वही बघून मान हलवत होते. मी पट्टीने रेघा आखल्या. चुकांखाली लाल पेन्सिलीने खुणा केल्या. आयुष्यात इतकी खूश मी कधी झाले नव्हते. लोक विचारतात ना, आवडीचं काम कसं झालं? असं झालं. माझं पहिलं काम ते, आणि मी ते चोख केलं.

चौथ्या दिवशी काकूंना कानांच्या तपासणीला पाठवलं. आठवड्याच्या आत त्यांना घरी बसवलं. नोकरी गेली म्हणजे घरही गेलं, कारण घर एक्स्चेंजचं होतं.

ज्या संध्याकाळी ते त्यांना कळलं, त्या संध्याकाळी मी पुन्हा पेला लावला. सवयच ती. मशीन बंद होतं.

काकू म्हणत होत्या, "तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? सांगा ना, कुणाला?"

"मी नाही सांगितलं गं."

"घरातलं बाहेर गेलं. मग कुणी नेलं?"

"मी नाही सांगितलं."

"माझ्या तोंडावर तरी खोटं बोलू नका."

मी पेला काढला. मधे एक भिंत होती, वीतभर जाडीची. दार उघडून चार पावलं जायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. मी मूग गिळून बसले. बाबांनी सांगितलं होतं, कुठे बोलू नकोस. पण खरं कारण ते नव्हतं. काकांनी मला कसं पाहिलं असतं, ते मला नको होतं. महिनाअखेर त्यांचं सामान टेम्पोत चढलं. काकू पुढे बसल्या, ड्रायव्हरजवळ. काका मागे, मशीन धरून. मी खिडकीतून बघितलं आणि खाली वाकले.

त्यानंतर सात वर्षं मी कशालाही कान लावला नाही. एकोणिसाव्या वर्षी पाणी खात्यात टायपिस्ट म्हणून लागले. दुपारच्या सुट्टीत सगळ्यांची यंत्रं थांबली की मला माझ्या टेबलाखालून एक बारीक सूं असा आवाज यायचा. मी आठ दिवस गप्प राहिले. नवव्या दिवशी राहवलं नाही, साहेबांना सांगितलं. सगळे हसले. पण खात्यात तेव्हा गळती ऐकणारे एक म्हातारे गृहस्थ होते, ते कांडी घेऊन आले, फरशीवर टेकवली, ऐकलं, आणि माझ्याकडे बघत राहिले. फरशी उखडली तर खाली नळाला सुईएवढं भोक. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टायपिंगवरून मागून घेतलं.

हे काम मला मनापासून आवडतं, ते लपवण्यात अर्थ नाही. लोखंडी नळाची गळती तारेसारखी वाजते, प्लास्टिकची भरड, दबल्या आवाजात. मोठं भोक कमी आवाज करतं, बारीक भोक जास्त. रस्त्यावर भर गर्दीत कांडी कानाला लावली की बाकी सगळं मागे सरतं आणि तेवढा एक आवाज पुढे येतो. जागा सापडली की छातीत जे भरून येतं ते मला चांगलं ओळखीचं आहे. ते त्या तीन संध्याकाळींचं आहे. म्हणून दर वेळी आनंदाच्या पाठोपाठ मान खाली जाते, तिसाहून जास्त वर्षं झाली तरी जाते.

काका-काकूंना शोधायचं मी कधी मनावर घेतलं नाही. जमिनीखालचा थेंब शोधणाऱ्या बाईला दोन माणसं सापडली नसती असं नाही.

गेल्या महिन्यात, मंगळवारी दुपारी, मला एका जुन्या इमारतीत पाठवलं. दुसरा मजला, आतल्या खोलीच्या भिंतीला ओल. मी जिन्यातूनच सगळ्यांना ओरडून सांगत गेले, "अर्धा तास नळ बंद ठेवा! कुणी नळ सोडलात तर मला काही ऐकू यायचं नाही!" माणसं कुरकुरत नळ बंद करतात आणि मग बादल्या घेऊन जिन्यात उभी राहतात, जणू मी त्यांच्या घरी आगाऊपणा करायला आले आहे.

दार एका म्हातारीने उघडलं. ताठ, बारीक, कानात यंत्र. तिने मला आत घेतलं आणि मोठ्या आवाजात म्हणाली, "जवळून बोल, यंत्र जुनं आहे."

मी कागद काढला. तक्रारीखाली फोन नंबर लिहायचा असतो. मी तिच्या कानाशी वाकून नंबर विचारला. तिने सांगितला. एकेक आकडा सुटा, गोल, मधे सारखी जागा सोडून, शेवटच्या आकड्यावर आवाज जरासा उचलून. असे आकडे आता कुणी म्हणत नाही. असे आकडे मी एकाच भिंतीतून ऐकले होते.

 पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं.

"लिहिलंस का?" काकूंनी विचारलं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. बारा वर्षांच्या मुलीचं पन्नास वर्षांच्या जाड बाईत काय उरतं?

त्या मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. खिडकीपाशी शिवणाचं मशीन होतं आणि मशीनशी काका. एवढेसे झाले होते. शर्टाला बटण लावत होते. मी कपाट सरकवायला लागले तसे ते उठले, न बोलता दुसऱ्या बाजूने हात लावला, न बोलता परत जाऊन बसले.

"ओल कधीपासून आहे, काका?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्यांना विचारू नकोस, मला विचार," काकू म्हणाल्या. "आम्ही बोलत नाही."

मी काही न कळल्यासारखं केलं.

"ऐकू मला येत नाही, त्यांना येतं. पण बोलत नाही. जेवण झालं की मी ताट वाजवते, ते येतात. भाजी काय हवी ते पाटीवर लिहून ठेवतात." ऐकू न येणाऱ्यांना आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, त्या हे सगळं जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगत होत्या. "माझी टेलिफोनात नोकरी होती. नंबर जोडायच्या फळ्यावर सगळ्यांत जलद हात माझा. यांनी घरातली एक गोष्ट बाहेर सांगितली आणि मला काढलं. सांगितली ते सांगितली, वर कबूलही करेनात. मग मी बोलायचंच सोडलं."

काकांनी दोरा दाताने तोडला आणि दुसरं बटण घेतलं. हे त्यांनी याआधी किती प्लंबरांसमोर, किती शेजाऱ्यांसमोर ऐकलं असेल कोण जाणे.

"मग वेगळ्या का नाही राहिलात?" मी त्यांच्या कानाशी म्हटलं.

"जायचं कुठे? आणि शिवणावर त्यांनीच घर चालवलं की. त्यात कसूर नाही केली." त्यांनी ओल्या भिंतीकडे बोट केलं. "तू तुझं काम कर."

मी माझं काम केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण कान कधी चुकत नाही. ओल आतल्या खोलीत दिसत होती, तरी आवाज तिथे दबलेला होता. मी भिंतीने सरकत सरकत स्वयंपाकघरात आले आणि ओट्याखालच्या कोपऱ्यात, नळ जिथे वळतो तिथे, तो स्वच्छ वाजला. मी खडूने फुली मारली. त्या घराच्या पाण्याची चावी बंद केली. वीस मिनिटांत काम झालं होतं आणि मला जाता आलं असतं. कागदावर सही तेवढी बाकी होती.

काकू ओट्याशी वाकून फुली बघत होत्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. "ओल तिथे आणि भोक इथे! तुला नुसतं ऐकून कळलं?"

"हो."

"काय गं, हा नाद तुला लागला कसा?"

कधीतरी कुणीतरी विचारणारच. माझं तोंड आपोआप सुरू झालं. "लहानपणी आमच्या घराखालून पाण्याचा मोठा नळ जायचा—"

"मोठ्यानं बोल, बाई."

"आमच्या घराखालून! मोठा नळ जायचा!" मी ओरडले.

उघड्या दारात खालच्या मजल्यावरची बाई बादली घेऊन आली. "झालं का? सोडू का नळ?" तिच्या मागे आणखी दोघं होती. मी हाताने थांबा म्हटलं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या, ओठ वाचायला. माझं आयुष्यभराचं खोटं मला आता शब्दाशब्दाने, घसा ताणून, त्यांच्याच तोंडावर ओरडावं लागणार होतं. ते जमेना.

"नळ नव्हता," मी म्हटलं.

"काय?"

"नळ नव्हता! मी भिंतीला पेला लावून ऐकायचे! तुमच्या भिंतीला, काकू!"

त्यांनी कान पुढे केला. मी त्यांच्या यंत्राजवळ गेले, पण यंत्र जुनं होतं आणि हळू सांगून त्यांना काही पोचत नव्हतं. लाजेने आवाज बसतो माणसाचा. मला तो चढवावा लागला. मी सुपरवायझरची मुलगी, हे मी ओरडून सांगितलं. काका आकडे म्हणायचे आणि तुम्ही परत म्हणायचात, तो खेळ वाटला, हे ओरडून सांगितलं. जेवताना नक्कल केली, बाबांनी वही दिली, मी तीन दिवस लिहिलं. दारातल्या बाईने बादली खाली ठेवली. वरच्या मजल्यावरचं कुणीतरी जिन्यात दोन पायऱ्या उतरून थांबल्याचं मला कळलं. कानकोंडं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

"वीसपैकी सात," मी म्हटलं. "वीसपैकी सात चुकल्या, असं मी सांगितलं."

"सात?" काकूंच्या कपाळाला आठी पडली. "सात नसतील. पाच असतील."

 सातच होत्या.

त्या ओट्याला टेकल्या.  मग म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हळू म्हणाल्या, "कुणी सांगितलं म्हणालीस?"

"मी."

"आणि यांनी?"

"काकांनी नाही. काकांनी कुणालाही सांगितलं नाही. तुमचं भांडण झालं तेव्हाही मी ऐकत होते. ते खरं बोलत होते, मला माहीत होतं आणि मी आले नाही."

मला वाटलं, आता त्या माझ्या थोबाडीत देतील. द्यावी असं मला फार वाटत होतं. मी तशी पुढे वाकूनच उभी होते. शिव्या द्याव्या, हाकलून द्यावं, जिन्यातल्या लोकांसमोर माझ्या नावाने खडे फोडावे. काहीतरी करावं, म्हणजे मला रडता येईल आणि निदान एवढं तरी भरून निघेल. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणजे कुणीतरी दाराशी निरोप सांगून गेलेली बाई होते, आणि निरोप आता पोचला होता. त्यांनी पदर सारखा केला, चकती फिरवून यंत्राचा आवाज वाढवला आणि आतल्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं.

मी निघून जायला हवं होतं. कांडी पिशवीत घालून, लोकांच्या मधून वाट काढून, खाली. ते मला समजत होतं. पण मी तिथे उभी राहिले, आणि माझं डोकं आपसूक भिंतीकडे कललं. पन्नास वर्षांची झाले, त्यांचं आयुष्य नासवलं ते याच सवयीने, आत्ताच ते ओरडून कबूल केलं, आणि तरी कललं. यापेक्षा निर्लज्ज मी स्वतःला कधी पाहिलं नाही.

आधी काहीच आलं नाही. मग खुर्ची सरकली.

"तुम्ही नव्हतं सांगितलं," काकू म्हणाल्या.

काकांनी काहीतरी म्हटलं. मला ते नीट ऐकू आलं नाही, मलासुद्धा. अडतीस वर्षांत त्या आवाजाला बायकोशी बोलायचं काम पडलं नव्हतं. तो घशातच घासला.

"काय?" काकूंनी विचारलं.

"मी नव्हतं सांगितलं."

"काय? मोठ्यानं बोला."

"मी नव्हतं सांगितलं!"

आता भिंतीला कान लावायची गरज नव्हती. दारातली बाई माझ्याकडे बघत होती आणि मी जमिनीकडे. काका ओरडले तसा त्यांचा आवाज फुटला, पण पुढच्या वेळी तो सरळ आला, तरुण माणसासारखा, खालच्या मजल्यापर्यंत जाईल असा. "मी कुणाला नाही सांगितलं! मी तेव्हाच म्हणत होतो!"

 काकूंचं यंत्र वाढवलेलं होतं, त्या त्यांच्यापासून हातभर अंतरावर होत्या, आणि आवाज कुठवर पोचतो हे ओळखणं माझा धंदाच आहे. त्यांना पहिल्या ओरडण्यातच ऐकू आलं होतं.

"काय?" काकूंनी पुन्हा विचारलं.

आणि त्यांनी पुन्हा सांगितलं.